वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी: तक्त्यातले सात फरक, की मुळात एकच?

भिंगवाला (धागाकर्ता)

'वनस्पती पेशी व प्राणी पेशी यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न शाळेत ज्याने लिहिला नाही, असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. मधोमध एक उभी रेघ. पेशीभित्तिका असते, नसते. हरितलवक असते, नसते. रिक्तिका मोठी, लहान. सेंट्रिओल (केंद्रकाजवळची सूक्ष्म नळकांडी) नसतात, असतात. गुण खिशात, विषय संपला. मुलांना शिकवताना हा तक्ता दरवर्षी तपासतो आणि दरवर्षी तीच गोष्ट खटकते. सगळे फरक सुटेसुटे दिसतात. वाटण्या होताना हे तुला, ते मला असं कुणीतरी ठरवल्यासारखे. 'असं का?' या प्रश्नाला तक्त्यात रकानाच नाही.

माझं म्हणणं असं की, पहिली ओळ नीट धरली तर खालच्या बऱ्याचशा ओळी तिच्यातूनच निघतात. भित्तिका आहे की नाही, आणि त्यामुळे आत घुसणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त कसा करायचा, हा खरा मुद्दा.

पेशीच्या आत प्रथिनं, क्षार, साखरा, इतर शेकडो रेणू कोंबलेले असतात. यातले बरेचसे रेणू पेशीपटलातून बाहेर पडू शकत नाहीत, पाणी मात्र जा-ये करू शकतं. त्यामुळे बाहेर पातळ द्रावण असेल तर परासरणाने पाणी आत येत राहतं. पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं, जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. हा थर वाकतो, दुमडतो, पण ताणला जात नाही. क्षेत्रफळ चार-पाच टक्क्यांहून जास्त वाढवायला गेलात तर फाटतो. म्हणजे पाणी येऊ दिलं तर मरण, आणि पाण्याशिवाय तर चालतच नाही.

वनस्पतींनी यावर भिंत बांधली. सायकलची ट्यूब नुसती हातात धरून हवा भरत राहिलं तर ती कुठेतरी फुगा येऊन फुटते. टायरच्या आत असली की तीच ट्यूब तेवढीच हवा घेऊन माणसाचं वजन पेलते. पेशीपटल म्हणजे ट्यूब आणि सेल्युलोजची भित्तिका म्हणजे टायर. पाणी आत येतं, पटल भित्तिकेवर दाबलं जातं, भित्तिका उलटा रेटा देते, आणि एका टप्प्यावर आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी सारखं होतं. ताज्या पानांतल्या पेशींत हा दाब बऱ्याचदा हवेच्या दाबाच्या पाच ते दहा पट भरतो, मोटारीच्या टायरहूनही जास्त. कोवळी फांदी, ज्यात लाकूड अजून तयारच झालेलं नाही, ती ताठ उभी राहते ती या दाबावर. पाणी तुटलं की मान टाकते.

प्राण्यांच्या पेशीने दुसरा मार्ग धरला. भिंत नाही, तर आतल्या क्षारांचंच प्रमाण आवरायचं. पटलात बसलेलं एक प्रथिन दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर फेकतं आणि पोटॅशियमचे २ आत घेतं. जेन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना याचा छडा लावला. त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हा पंप विषाने बंद पाडला की पेशी फुगायला लागते. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच या एका पंपावर जातो. म्हणजे भिंत न बांधण्याचं भाडं आपण दर क्षणी भरतो आहोत.

आता तक्त्यातल्या बाकीच्या ओळी यातून कशा निघतात, आणि कुठल्या निघत नाहीत, ते बघू या. हरितलवक यात बसत नाही असं माझं मत आहे. बाकी मंडळींनी लिहावं.

लॅबवाली

धागा आवडला. पाण्याचा मुद्दा आमच्या कामात डोळ्यांनी दिसतो म्हणून लिहिते.

दोन काचेच्या नळ्या घ्या. एकीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब टाका, हलकेच उलटसुलट करा आणि नळीमागे छापील कागद धरा. पहिल्या नळीतून अक्षरं दिसत नाहीत, कारण अख्ख्या तांबड्या पेशी प्रकाश विखुरतात आणि द्रव गढूळ दिसतो. दुसऱ्या नळीतून अक्षरं स्वच्छ वाचता येतात. रंग लालच, पण पारदर्शक. पेशी फुटून हिमोग्लोबिन पाण्यात विरघळलेलं असतं. हे काही क्षणांत होतं.

मिठाचं प्रमाण पायरी-पायरीने उतरवत गेलं तर साधारण ०.५ टक्क्यांच्या जवळपास काही पेशी फुटायला लागतात आणि ०.३ च्या आसपास जवळजवळ सगळ्या फुटलेल्या असतात. मधल्या पट्ट्यात त्या टिकतात कारण तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते. पाणी शिरलं तर आधी ती गोल होते, पटल ताणावं लागत नाही. गोल झाल्यावर मात्र वाव संपतो. ज्यांच्या तांबड्या पेशी जन्मजात दोषामुळे आधीच गोलसर असतात, त्यांच्या पेशी या तपासणीत लवकर फुटतात. निदानाला याचा उपयोग होतो.

टोमणेबहाद्दर

थोडक्यात, आपल्याला भित्तिका असती तर सलाईनमध्ये मीठ मोजून घालायची कटकट वाचली असती.

लॅबवाली

@टोमणेबहाद्दर, वाचली असती खरी, पण मग ती तांबडी पेशी स्वतःहून बारीक केशवाहिनीतून दुमडून गेली नसती. पेशीचा व्यास ७-८ मायक्रोमीटर आणि काही केशवाहिन्या त्याहून अरुंद. भित्तिका घेऊन तिथे अडकूनच पडायचं. पांढऱ्या पेशी तर रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग काढून बाहेर जातात आणि जिवाणू गिळतात. गिळायचं म्हणजे पटल बाहेर काढून भक्ष्याभोवती वेढायचं. भित्तिकेच्या आत बसून हे करता येत नाही.

पानवेडी

रिक्तिकेबद्दल मी लिहिते, कारण 'मोठी आणि मध्यभागी' एवढंच लिहून तिच्यावर अन्याय होतो.

पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत रिक्तिका ८० ते ९० टक्के जागा व्यापते. पेशीद्रव्य कडेला पातळ थरासारखं चेपलेलं. इतकी जागा 'रिकामी' का ठेवायची? खर्चाचा हिशेब बघा. पेशीद्रव्य वाढवायचं तर प्रथिनं हवीत, प्रथिनांना नायट्रोजन हवा, आणि नायट्रोजन मिळवणं हे झाडाचं कायमचं दुखणं. पाणी आणि थोडे क्षार त्या मानाने फुकट. झाडाला प्रकाश पकडायला पान पसरट करायचंय, पाण्यासाठी मुळं लांब करायची आहेत. मग पेशी पाण्याने मोठी करा! शेंड्याकडच्या नवजात पेशी बारीक आणि पेशीद्रव्याने भरलेल्या असतात, रिक्तिका छोट्या-छोट्या. वाढताना त्या एकमेकींत मिसळतात, पाणी ओढतात आणि पेशी कित्येक पट लांबते. तेव्हा भित्तिकाही थोडी सैल करावी लागते. वाढीच्या भागात पेशी भित्तिकेत हायड्रोजन आयन सोडते, त्या आम्लतेत एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं सेल्युलोजचे धागे एकमेकांवरून सरकू देतात, आणि आतला दाब पेशीला ताणतो. ऑक्सिन हे संप्रेरक वाढ घडवतं ते बरंचसं या मार्गाने.

हे प्राणी पेशीला जमणार नाही. दाब पेलायला भित्तिका नाही, तर पाण्याची पिशवी फुगवून मोठं होणार कसं? म्हणून भिंगवाला म्हणतात ते इथे चपखल बसतं: मोठी रिक्तिका ही भित्तिकेच्या जोरावरच परवडते.

आणखी एक फायदा. हरितलवकं कडेच्या पातळ थरात असल्यामुळे पेशीबाहेरच्या हवेच्या पोकळ्यांना लागून राहतात. कार्बन डायऑक्साइडला पाण्यातून फार अंतर कापावं लागत नाही.

प्रथमसत्र

माझा एक प्रश्न आहे, प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत विचारतात म्हणे. रससंकोच झाल्यावर, म्हणजे कडक द्रावणात पेशीतलं पाणी बाहेर गेल्यावर, पेशीपटल भित्तिकेपासून सुटून आत जातं. मग भित्तिका आणि पटल यांच्या मधल्या जागेत काय असतं? हवा की पोकळी?

स्लाइडमास्तर

@प्रथमसत्र, बाहेरचं मिठाचं किंवा साखरेचं द्रावण. भित्तिका त्याला अडवत नाही. सेल्युलोजच्या जाळीतून पाणी, मीठ, साखर सहज जातात. निवड करण्याचं काम पटलाचं. एवढं उत्तर दिलंस तर परीक्षक खूश. पण नुसतं पाठ करू नकोस, बघ.

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी, खालची बाजू घे. पान तिरकं फाडलं की काठाला पातळ पारदर्शक जांभळा पापुद्रा सुटतो. तो पाण्याच्या थेंबात ठेवून आधी पाहा: षटकोनी पेशी, काठापर्यंत गच्च जांभळ्या. तो रंग रिक्तिकेतला, बाहेरून काही घालावं लागत नाही. मग आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाचं द्रावण सोड आणि समोरच्या कडेला टिपकागद लाव, म्हणजे द्रावण खालून ओढलं जाईल. डोळा काढू नकोस. पहिल्यांदा कोपरे पांढरे होतात. षटकोनाच्या कोपऱ्यांतून जांभळा रंग मागे सरतो, मग बाजू सुटतात, आणि शेवटी मधे एक गोलसर जांभळा गोळा उरतो. भित्तिकेचा षटकोन जिथल्या तिथे. काही पेशींत गोळ्यापासून भित्तिकेपर्यंत अतिबारीक धागे ताणलेले राहतात, ते पटलाचेच. ते दिसायला चांगली वस्तुभिंग आणि संयम दोन्ही लागतं.

द्रावण फार कडक नसेल आणि फार वेळ ठेवलं नसेल तर आता उलट्या क्रमाने साधं पाणी ओढ. गोळा पुन्हा पसरतो. पसरला तर पेशी जिवंत. मेलेल्या पेशीत पटल निवड करत नाही, रंग बाहेर गळतो, रससंकोच होतच नाही. पेशी जिवंत आहे का हे ठरवायची ही जुनी आणि बिनखर्चाची कसोटी.

आणि जाता जाता: कांद्याच्या पापुद्र्याच्या आकृतीत हिरवी हरितलवकं काढू नका! मुलं 'वनस्पती पेशी' म्हटलं की सवयीने काढतात. कांदा जमिनीखाली वाढतो, त्या पेशींत हरितलवक नसतं. समोर सूक्ष्मदर्शक असताना पुस्तकातली आकृती उतरवणं हा प्रकार बंद व्हायला हवा. आयोडीन न घालता ताजा पापुद्रा घेऊन प्रकाश जरा कमी केला तर भित्तिकेलगत बारीक कण सरकताना दिसतात. पेशीद्रव्य फिरत असतं. आयोडीनने केंद्रक उठून दिसतं खरं, पण पेशी मरते आणि सगळं थांबतं.

गप्पिष्ट

धागा वाचतोय. पण भिंगवाला, तुमचा सिद्धांत मला जरा जास्तच गोळीबंद वाटतोय. बुरशीला भित्तिका आहे, जिवाणूंना आहे. म्हणजे भित्तिका ही वनस्पतींची खूण नव्हेच. आणि अमीबा गोड्या पाण्यात राहतो, त्याला भिंतही नाही आणि आजूबाजूला मीठही नाही. तो का फुटत नाही?

भिंगवाला

@गप्पिष्ट, रास्त प्रश्न. भित्तिका वनस्पतींचीच असं मी म्हटलेलं नाही. भित्तिका असण्याचे परिणाम काय, ते म्हटलं. बुरशीची भित्तिका कायटिनची, जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची, वनस्पतींची सेल्युलोजची. माल वेगळा, काम तेच. पेनिसिलिन जिवाणूंची भित्तिका बांधू देत नाही, वाढत्या जिवाणूची भिंत कच्ची राहते आणि तो पाण्याच्या दाबाने फुटतो. आपल्या पेशींना ते या मार्गाने काही करू शकत नाही, कारण मोडायला भिंतच नाही.

अमीबाचं उत्तर तर माझ्याच बाजूचं आहे. त्याच्यात संकोची रिक्तिका असते. आत आलेलं पाणी ती गोळा करते, फुगते, आणि पटलाला चिकटून बाहेर रिकामी होते. पुन्हा भरायला लागते. पॅरामेशियममध्ये ही उघडझाप सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसते, ताऱ्यासारख्या नळ्यांसकट. म्हणजे तिसरा मार्ग: पाणी आत येऊ द्या आणि उपसत बसा.

पानवेडी

गप्पिष्ट यांच्या शंकेला जोड. प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातलग म्हणजे कोएनोफ्लॅजेलेट. त्यांना सेल्युलोजची भित्तिका नसते. एक कशाभिका, म्हणजे चाबकासारखी शेपटी, आणि तिच्याभोवती बारीक बोटांची गळपट्टी. कशाभिका हलवून पाण्याचा प्रवाह करायचा, गळपट्टीवर जिवाणू अडकवायचे आणि गिळायचे. स्पंजच्या शरीरातल्या काही पेशी हुबेहूब अशाच दिसतात. तेव्हा प्राणी पेशीची उघडी अंगलट ही खाण्याच्या सवयीशी बांधलेली आहे. भित्तिका असती तर गिळता आलं नसतं. बुरशीने भित्तिका ठेवली, म्हणून ती अन्न बाहेरच पचवते आणि विरघळलेलं शोषते.

बाराखडी

लयकारिकेचं, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीचं, काय? तक्त्यात 'प्राणी पेशीत असतात, वनस्पती पेशीत सहसा नसतात' असं असतं. मग वनस्पती पेशीतला कचरा कोण उचलतं?

स्लाइडमास्तर

रिक्तिका. वनस्पतींच्या रिक्तिकेतला रस आम्लधर्मी असतो आणि त्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. काम लयकारिकेचंच.

याला इतिहासही साक्षीला आहे. ख्रिस्तियान द दुव्ह यांनी १९५५ मध्ये लयकारिका हे नाव दिलं, उंदराच्या यकृताच्या पेशी दळून, अपकेंद्री यंत्रात फिरवून. विकर एका पटलाच्या पिशवीत कोंडलेलं आहे हे त्यांना पेशी डोळ्यांनी न पाहता, रासायनिक मापनातून कळलं. १९७४ चं नोबेल क्लॉड आणि पॅलेड यांच्यासोबत. पुढे पेशी स्वतःचेच जुने भाग कसे पचवते, हे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये उलगडलं, आणि कुठे? यीस्टच्या रिक्तिकेत. पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं, तर रिक्तिकेत न पचलेल्या पुड्यांचा ढीग साधारण सूक्ष्मदर्शकातही दिसला. त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. रिक्तिका आणि लयकारिका ही एकाच कामाची दोन रूपं आहेत, तक्ता त्यांना दोन ओळींत तोडतो.

'आत्मघाती पिशव्या' हे बिरुदही जरा जपून वापरा. पेशीचा ठरवून होणारा मृत्यू बहुतेक वेळा लयकारिका फुटून होत नाही. कॅस्पेज नावाची विकरं तो घडवून आणतात, आणि त्यांना जागं करण्यात तंतुकणिकेतून (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातून) बाहेर पडलेल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनाचा मोठा हात असतो. लयकारिकेतलं एखादंच विकर जन्मतः नसेल तर काय होतं हे पाहिलं की तिचं खरं काम कळतं: पाँपे विकारात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) तुटत नाही, साठत जातं, आणि स्नायू दुबळे होतात.

प्रथमसत्र

धन्यवाद सर. अजून एक. तंतुकणिका प्राण्यांत आणि हरितलवक वनस्पतींत, असं आमच्या वर्गात निम्म्या मुलांना वाटतं.

पानवेडी

बाळा, आधी त्या निम्म्या मुलांना विचार की मुळाच्या पेशी अंधारात कशा जगतात. आणि रात्री पानं कशी जगतात. तंतुकणिका दोन्हींत. हरितलवक साखर बनवतं, त्या साखरेतून वापरण्याजोगी ऊर्जा, म्हणजे एटीपी, काढायचं काम झाडातही तंतुकणिकाच करते.

दोन्ही अंगकं (पेशीतले सूक्ष्म अवयव) मुळात स्वतंत्र जिवाणू होती, ती मोठ्या पेशीत राहायला आली, ही कल्पना लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरकसपणे मांडली. लोकांनी आधी दाद दिली नाही. आज पुरावे भरपूर आहेत: दुहेरी पटल, स्वतःचा वर्तुळाकार डीएनए, जिवाणूंसारखे रायबोझोम, आणि दोन्ही अंगकं दुभंगूनच वाढतात, पेशी ती नव्याने घडवू शकत नाही. माणसाच्या तंतुकणिकेतल्या डीएनएची लांबी १६,५६९ बेस-जोड्या, जनुकं ३७, त्यांतली प्रथिनांची फक्त १३. बाकी जनुकं केंद्रकाकडे गेली किंवा हरवली.

आता भिंगवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हरितलवक भित्तिकेतून निघत नाही हे बरोबर, पण त्याचा पूर्वज गिळला गेला तेव्हा गिळणाऱ्या पेशीला कडक भित्तिका नसणार. गिळून झालं, अन्न घरात बनू लागलं, मग शिकारीची गरज उरली नाही आणि भिंत परवडली. हा क्रम मला पटतो. तपशिलात वाद असू शकतात.

टोमणेबहाद्दर

माझ्या कातडीत हरितलवकं बसवून द्या, मी ऑफिसला न जाता गच्चीवर पडून राहतो.

भिंगवाला

@टोमणेबहाद्दर, हिशेब करू. भर उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट मिळतात. आडवं पडलात तर उन्हासमोर येणारं अंग चौरस मीटरपेक्षा कमीच. पिकांचं प्रकाशसंश्लेषण मिळालेल्या प्रकाशातली एक-दोन टक्के ऊर्जा साठवतं. हाती आले फार तर १०-१५ वॅट, तेही ऐन दुपारी. नुसतं पडून राहायला शरीराला ८० वॅटच्या आसपास लागतात. दिवसभर पडूनही एक वेळचं भागणार नाही. झाडाला भागतं कारण ते हलत नाही, आणि पानांचा पसारा अंगाच्या मानाने प्रचंड असतो.

बाराखडी

तक्त्यात नसलेला एक फरक माझ्याकडून. तेलबिया रुजताना साठवलेल्या तेलापासून साखर बनवतात. ग्लायऑक्सिसोम नावाची अंगकं त्यासाठी असतात. आपल्या पेशी चरबीतल्या मेदाम्लांची निव्वळ साखर करू शकत नाहीत, ती वाट आपल्यात नाही. मला हे कळलं तेव्हा बियांचा हेवा वाटला.

अक्षरखूण

सेंट्रिओलबद्दल कुणीच लिहिलं नाही. तो फरक भित्तिकेतून येतो का?

स्लाइडमास्तर

थेट नाही, आडवळणाने. सेंट्रिओल तुर्कतंतूंसाठी (विभाजनात गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांसाठी) अत्यावश्यक असतात असं शिकवतात, पण सपुष्प वनस्पती त्यांच्याशिवाय बिनबोभाट विभाजन करतात. सेंट्रिओलचं न टाळता येणारं काम म्हणजे कशाभिका आणि पक्ष्माभिका (पेशीवरचे हलणारे बारीक केस) यांचा पाया होणं. ज्यांना पोहणारी पेशी लागते त्यांच्याकडे सेंट्रिओल. शेवाळी आणि नेचे यांचे पुंयुग्मक (नर प्रजननपेशी) पोहतात, तिथे ते तयार होतात. गिंको या झाडाचेही पुंयुग्मक पोहतात, हे हिरासे साकुगोरो यांनी १८९६ मध्ये दाखवलं. सपुष्प वनस्पतींत परागनलिका युग्मकाला थेट बीजांडापर्यंत नेते, पोहणं संपलं, सेंट्रिओलही गेले. तेव्हा 'वनस्पतींत नसतात' हे अर्धसत्य. 'सपुष्प वनस्पतींत नसतात' असं लिहा.

विभाजनाचा शेवट मात्र थेट भित्तिकेशी जोडलेला आहे. प्राणी पेशी मधोमध आवळली जाते, बाहेरून आत, अॅक्टिन-मायोसिनच्या कड्याने. भिंत असलेली पेशी आवळणार कशी? म्हणून वनस्पतींत गॉल्जी या अंगकाकडून आलेल्या पुटिका (बारीक पिशव्या) मधोमध जमतात, एकमेकींत मिसळतात आणि पेशीपट्टिका आतून बाहेर वाढत कडेच्या भिंतीला जाऊन मिळते. मिळताना काही ठिकाणी आंतर्द्रव्यजालिकेचे (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याचे) धागे मधे सापडतात, तिथे भोक राहतं. त्याच प्लाझमोडेस्माटा, शेजारच्या पेशीत जायच्या बारीक वाटा, रुंदी ४०-५० नॅनोमीटर. एडुआर्ड टांगल यांनी १८७९ मध्येच पाहिल्या होत्या. वनस्पतींचे विषाणू याच वाटा वापरतात; तंबाखूच्या केवडा (मोझेक) रोगाचा विषाणू तर वाट रुंद करणाऱ्या प्रथिनाचं जनुक सोबत घेऊनच येतो. पहिल्या पेशीत शिरायला मात्र त्याला जखम लागते, कारण भित्तिका ओलांडायची सोय त्याच्याकडे नाही.

गप्पिष्ट

हे सगळं वाचून रॉबर्ट हूकची गंमत वाटते. १६६५ मध्ये त्याने बुचाच्या कापात जे पाहिलं त्यात पेशी नव्हतीच, मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. त्याने तर एका घनइंचात अशा १२५ कोटींहून जास्त खोल्या असतील असा हिशेबही मांडला. केंद्रकाला नाव मिळायला रॉबर्ट ब्राउनपर्यंत, म्हणजे १८३१ पर्यंत थांबावं लागलं.

पानवेडी

आणि त्या मेलेल्या भिंतीही झाडाच्या कामाच्याच. जलवाहिन्यांतून पाणी चढतं तेव्हा त्या पेशी मेलेल्या असतात, आतलं सगळं साफ झालेलं, फक्त लिग्निनने कडक झालेली नळी. मेल्यानंतर कामाला लागणारी पेशी! रसवाहिनीतली चाळणीनलिका जिवंत असते, पण तिला केंद्रक नसतं. शेजारची सहपेशी तिचा संसार चालवते. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीलाही केंद्रक नसतं, तंतुकणिकाही नसतात, सांभाळणारी शेजारीण तर नाहीच. म्हणून माणसात ती सुमारे १२० दिवसांत निकालात निघते.

लॅबवाली

शेवटी माझाही एक प्रश्न. रोज कर्करोगाच्या स्लाइडी बघते. झाडांना गाठी येतात हे माहीत आहे. पण झाडाची गाठ मुळापासून पानात पसरली असं ऐकलं नाही. याचाही संबंध भित्तिकेशी का?

स्लाइडमास्तर

होय. गाठीतली पेशी शेजारणींना भित्तिकेने चिकटलेली असते, मधे पेक्टिन या चिकट पदार्थाचा थर. ती जागची सुटू शकत नाही, आणि सुटली तरी तिला वाहून नेईल असं रक्तासारखं अभिसरण नाही. जलवाहिनी आणि रसवाहिनीतून रस जातो, पेशी प्रवास करत नाहीत.

झाडाला येणाऱ्या मुकुटगाठीचं उदाहरण घ्या. अॅग्रोबॅक्टेरियम हा जमिनीतला जिवाणू जखमेतून शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. त्या तुकड्यावर ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरकं बनवणारी जनुकं असतात, पेशी बेबंद वाढायला लागतात. हा रोग जिवाणूमुळे होतो, हे स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्येच सिद्ध केलं होतं. एकदा डीएनए घुसला की जिवाणू काढून टाकला तरी वाढ चालूच राहते, म्हणजे लक्षणं कर्करोगासारखीच. काही झाडांत मूळ गाठीपासून लांब दुसऱ्या गाठी आलेल्या दिसतात, पण तिथवर साधारणपणे जिवाणू पोचलेला असतो, गाठीची पेशी नव्हे.

लॅबवाली

म्हणजे आमच्या स्लाइडवर आधारपटल (पेशींच्या थराखालचा पातळ पडदा) फोडून बाहेर पडलेली पेशी शोधण्यात जो अर्धा वेळ जातो, तो झाडांच्या डॉक्टरला द्यावाच लागत नाही. गाठीच्या कापाचे फोटो असतील तर टाका सर, पेशींची मांडणी बघायची आहे.

स्लाइडमास्तर

टाकतो. सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीनने रंगवलेले आहेत. लिग्निन लाल दिसेल, सेल्युलोज हिरवं. गाठीच्या मधे लाल तुकडे वेडेवाकडे विखुरलेले दिसतील, त्या अर्धवट घडलेल्या जलवाहिन्या.